नदीचे बंधारे आणि माशांची वाट

बदलीची नोकरी पत्करलेल्या माणसाच्या वाट्याला गावे जशी अनेक येतात, तशा नद्याही अनेक येतात. आज राजमहेंद्री, तीन वर्षांनी पाटणा, पुढे कोलकाता किंवा भडोच. ह्यांतील प्रत्येक ठिकाणी पावसाळा लागला की बाजारात एका माशाची चर्चा सुरू होते, आणि नवख्या मराठी गृहस्थास वाटते की हा मासा ह्याच मुलखातला असावा. बंगाली मनुष्य त्यास इलिश म्हणतो, बिहारी हिलसा म्हणतो, तेलुगू भाषेत तो पुलस, तमिळमध्ये उल्लम, सिंधीत पल्लो. आणि मुंबईच्या बाजारात त्यालाच भिंग किंवा पाला हे नाव आहे. नावे अनेक असली तरी मासा एकच. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात चढतो. त्याची ही वाट गेल्या पावणेदोनशे वर्षांत ठिकठिकाणी कशी अडली, अडणार हे कोणास केव्हा कळले होते, आणि कळूनही काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम माशाची रीत सांगितली पाहिजे. नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होऊन नद्यांना पूर आला की गढूळ पाण्याचा लोट समुद्रात दूरवर जातो. त्या गोड्या पाण्याच्या खुणेने पाल्याच्या झुंडी मुखात शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. थंडीच्या अखेरीसही ह्या माशाची एक लहान फेरी असते. पण मुख्य प्रवास पावसाळ्यातलाच. एकेका मादीच्या पोटात काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत अंडी असतात. ती गोड्या पाण्यात सोडली जातात, पिले काही महिने नदीतच वाढतात, आणि मग ओघाबरोबर समुद्राकडे उतरतात. म्हणजे ह्या माशाला नदी दोनदा मोकळी हवी. चढताना एकदा आणि उतरताना एकदा. समुद्राशी संबंध नसलेले महसीरसारखे मासेही ह्याला अपवाद नाहीत. खालच्या डोहांत राहणारा महसीर विणीसाठी वरच्या उथळ, गोट्यांच्या पात्रात जातो. सारांश, नदी ही माशाला एकाच जागी राहण्याचे घर नसते. ती त्याची येण्याजाण्याची वाटही असते.

माशांविषयीची आस्था आपल्या देशात नवी नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मास्यांच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा व उपोसथाचे दिवस ह्या वेळी मासे मारू नयेत व विकूही नयेत अशी आज्ञा आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरणच असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याच्या रीती सांगितल्या आहेत. ह्या दोन्ही लेखांकडे आधुनिक शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनी. होरांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता बंधाऱ्यांकडे वळू. कावेरीवरील कल्लणै हा प्राचीन बंधारा करिकाल चोलाच्या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन ह्या इंग्रज अभियंत्याने त्याचा अभ्यास केला आणि त्यापासून धडा घेऊन कावेरीची उत्तरेकडील शाखा जी कोळ्ळिडम, तिच्यावर १८३६ च्या सुमारास दोन बंधारे घातले. एक वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला. तमिळमधील 'अणैक्कट्टु' ह्या शब्दावरून सरकारी दप्तरात 'अनिकट' हा शब्द रूढ झाला तो ह्याच काळात. पुढे १८४७ ते १८५२ ह्या वर्षांत कॉटनने धवळेश्वरम् येथे गोदावरीवर चार भागांत पसरलेला मोठा अनिकट बांधला, आणि १८५५ मध्ये विजयवाड्यास कृष्णेवरही तसाच अनिकट उभा राहिला.

ह्या कामांची योग्यता कमी लेखण्याचे आमच्या मनात नाही. १८३३ च्या दुष्काळाने गोदावरी आणि कृष्णा ह्यांच्या मुखाकडील प्रदेश उजाड करून टाकला होता. अनिकटांनंतर तोच प्रदेश भाताचे कोठार बनला. गोदावरीकाठचा शेतकरी आजही कॉटनच्या पुतळ्याला हार घालतो, आणि त्याचे ते करणे रास्त आहे. परंतु पाणी कालव्यात वळवणारी जी भिंत शेतकऱ्याला वरदान ठरली, तीच समुद्राकडून येणाऱ्या माशाला आडवी आली. धवळेश्वरम् च्या भिंतीची उंची सुमारे बारा फुटांचीच होती. माणसाच्या हिशेबाने ती काही फार नव्हे. पण पाल्याला ती डोंगराइतकीच.

ह्या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की धोक्याची सूचना पहिल्यांदा दिली ती कोणा विरोधकाने नव्हे. १८६७ मध्ये खुद्द आर्थर कॉटननेच लंडनच्या भारतमंत्र्यांच्या नजरेस आणले की माशांना वाट न ठेवता मोठ्या नद्यांवर बंधारे घातल्यामुळे किनाऱ्यावरील व गोड्या पाण्यातील मत्स्यधनाची मोठी हानी होत असावी. ज्याने भिंती बांधल्या त्यानेच त्यांचा दोष सरकारपुढे मांडावा, हा प्रामाणिकपणा सरकारी इतिहासात विरळा आहे. ह्या सूचनेचा परिणाम म्हणून मद्रास सैन्यातील वैद्य आणि मत्स्यशास्त्राचा व्यासंगी फ्रान्सिस डे ह्यास चौकशीचे काम मिळाले. त्याने मद्रास इलाख्यापासून प्रारंभ करून पुढे हिंदुस्थान व ब्रह्मदेश ह्यांतील नद्या पाहिल्या, आणि १८७३ मध्ये आपला अहवाल छापला. आमच्या माशांवरील त्याचा मोठा सचित्र ग्रंथ त्यानंतरच्या पाचसहा वर्षांतला आहे.

डेचा अहवाल सरकारी नोकरीतल्या वाचकाने अवश्य चाळावा. त्यात शास्त्र आहेच, पण त्याहून मनोरंजक आहेत ती निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली उत्तरे. जिल्हाधिकाऱ्यांपासून तहसीलदारांपर्यंत सर्वांस प्रश्न पाठवले गेले होते: मासे कमी झाले आहेत काय, जाळ्याचे भोक किती बारीक असते, पिले मारली जातात काय, कायदा करावा काय? उत्तरे येत गेली. कोणी म्हणाले, मासे घटले आहेत. कोणी म्हणाले, काही घटलेले नाहीत. कोणी म्हणाले, घटले असले तरी कायदा केल्यास गरिबांवर जुलूम होईल. शेवटच्या आक्षेपात तथ्यही होते, कारण कायद्याचा बडगा बंधाऱ्यावर न पडता कोळ्याच्या जाळ्यावरच पडण्याचा संभव अधिक होता. डेने बारीक जाळी, ओढ्यातले कायमचे सापळे आणि बंधारे ह्या तिन्हींवर बोट ठेवले. बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवावी, ही त्याची शिफारस स्पष्ट होती.

ह्या ठिकाणी एक तुलना करण्यासारखी आहे. इंग्लंडात १८६१ च्या सामन मासेविषयक कायद्याने असे ठरवले होते की सामनच्या नदीवर नवीन बंधारा घालणाऱ्याने त्यात माशांसाठी मार्ग ठेवलाच पाहिजे. त्याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानासाठी १८९७ मध्ये जो मत्स्यकायदा केला, त्यात सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास बंदी झाली, सापळे व जाळी ह्यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. पण सरकारी बंधाऱ्यात वाट ठेवण्याची सक्ती काही त्यात आली नाही. डेचा अहवाल येऊन तोपर्यंत चोवीस वर्षे लोटली होती. ज्याचे भय होते तेच झाले: कायद्याने कोळ्याला गाठले, भिंत तशीच राहिली.

वाट ठेवण्याचे प्रयत्न मुळीच झाले नाहीत असे मात्र नव्हे. परंतु त्यांत एक मूलभूत घोटाळा होता. युरोपात माशांची शिडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या हौदांची रांग. एका हौदातून दुसऱ्यात उडी मारत मासा वर जातो. ही कल्पना सामनसाठी निघाली, आणि सामन हा उड्या मारणारा मासा आहे. पाला उडी मारत नाही. तो झुंडीने, ओघाच्या मुख्य धारेत पोहत चढतो; अरुंद आणि खळबळत्या वाटेकडे तो वळत नाही. कोळ्ळिडमच्या खालच्या अनिकटावर शिडी करून पाहण्यात आली, पण पाल्याने तिचा उपयोग केला नाही. मासे भिंतीच्या पायथ्याशी गोळा होत आणि तेथेच जाळ्यात सापडत. परक्या माशाच्या मापाने आमच्या माशाचा जिना बांधला गेला, असे थोडक्यात म्हणता येईल.

मद्रास इलाख्यात १९०७ मध्ये सर फ्रेडरिक निकल्सन ह्यांच्या हाताखाली मत्स्यखाते निघाले, आणि १९०९ च्या सुमारास ह्याच खालच्या अनिकटापाशी विल्सन नामक अधिकाऱ्याने पाल्याची अंडी कृत्रिम रीतीने फळवून पिले काढण्याचा प्रयोग केला. वाट मोकळी करता येत नसेल तर निदान पिले तरी नदीत सोडावीत, असा तो विचार होता. प्रयोग काही अंशी साधला, पण त्याने नदी भरून निघाली नाही. १९३४ मध्ये वर मेट्टूरचे धरण पुरे झाले आणि कावेरीचा पूरच अडवला गेला. आता भिंतीचा प्रश्न दुय्यम झाला. माशाला समुद्रातून बोलावणारे पुराचे पाणीच पूर्वीसारखे येईना. कोळ्ळिडमवरची पाल्याची मासेमारी त्यानंतर ओसरत गेली. १९४० मध्ये डॉ. होरांनी धरणे व स्थलांतर करणारे मासे ह्यांच्या प्रश्नावर 'करंट सायन्स' मासिकात टिपण लिहिले, आणि १९४२ मध्ये त्याच मासिकात देवनेसन ह्यांनी ताम्रपर्णी, कावेरी, गोदावरी व कृष्णा ह्या चार नद्यांतील बंधाऱ्यांचा पाल्याच्या जीवनक्रमावर होणारा परिणाम मांडला. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी आमच्यापाशी ह्या विषयाचे ज्ञान नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

सिंधू नदीची हकीकत आम्हां मराठी लोकांस आणखी जवळची वाटावी, कारण १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि मुंबई सरकारचे अधिकारी तिकडे बदलून जात असत. १९३२ मध्ये पुरा झालेला सक्करचा बंधारा मुंबईच्याच एका गव्हर्नराच्या, लॉइडच्या, नावाने ओळखला जाई. सिंध्यांच्या मनात पल्ला हा केवळ खाद्य मासा नाही. झुलेलालच्या चित्रात देव त्याच माशावर बसलेला असतो. सक्करजवळच्या बेटावर झिंदा पीर म्हणजे ख्वाजा खिज्र ह्यांचे स्थान आहे, आणि लोकसमजूत अशी की पल्ला समुद्रातून निघतो तो ह्या पिराच्या दर्शनासाठीच. दर्शन झाल्यावर पाठ न दाखवता तो मागे फिरतो. ह्या कथेत शास्त्राचा एक धागा आहे: लोकांनी माशाचा प्रवास पाहिला होता, तो कोठवर येतो हे त्यांस ठाऊक होते. पूर्वी पल्ला मुलतानपर्यंत चढत असे. सक्करच्या बंधाऱ्याने वरची वाट अडली, आणि १९५५ मध्ये कोटरीचा बंधारा झाल्यावर सक्करची यात्राही संपली. कोटरीला शिड्या होत्या. पल्ल्याने त्यांजकडे पाहिले नाही. मासा देवाच्या चित्रात राहिला, देवाच्या दारी मात्र येईनासा झाला.

आता गंगा. हुगळीत गाळ साचून कोलकात्याचे बंदर बुजू लागले होते, आणि गंगेवर राजमहालच्या आसपास बंधारा घालून पाणी हुगळीकडे वळवावे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मांडणाऱ्यांत आर्थर कॉटन होताच. प्रत्यक्ष काम १९६१ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल १९७५ मध्ये फरक्क्याचा बंधारा कार्यान्वित झाला. लांबी सव्वादोन किलोमीटर, दरवाजे १०९, आणि भागीरथीत पाणी नेणारा कालवा सुमारे ३८ किलोमीटरांचा. ४०,००० क्यूसेक पाणी वळवून गाळ धुऊन काढावा, असा हेतू होता. आंतरराष्ट्रीय वाटपाचा वाद, गाळाचे गणित, किनाऱ्यांची धूप हे विषय येथे आम्ही बाजूस ठेवतो. आमचा प्रश्न माशापुरता आहे.

फरक्क्यापूर्वी हिलसा पाटणा, बक्सर, प्रयाग ओलांडून गंगेत कानपुरापर्यंत आणि यमुनेत आग्रा-दिल्लीपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. समुद्रापासून दीड हजार किलोमीटरांच्या पलीकडचा हा प्रवास एका माशाने करावा, ही जगातील मत्स्ययात्रांत गणना व्हावी अशीच गोष्ट होती. बक्सर आणि प्रयाग येथील मल्लाहांच्या वर्षाच्या हिशेबात पावसाळ्यातला हिलसा हे मोठे कलम होते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन केंद्राने, ज्याचे मुख्य ठाणे बराकपूर, ह्या मासेमारीच्या नोंदी फरक्क्याच्या आधीपासून ठेवल्या होत्या; म्हणून नुकसानीचे माप करता आले. बंधारा चालू झाल्यावर थोड्याच वर्षांत बक्सर-प्रयागकडील हिलसा नाममात्र उरला. बंधाऱ्यात माशांसाठी पाण्याचे हौद ठेवलेले होते, पण त्यांतून झुंडी वर गेल्या नाहीत. उलट बंधाऱ्याखाली हुगळीच्या मुखात गोडे पाणी वाढल्यामुळे तेथील हिलसाची पकड वाढल्याचे दिसले. हे नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु नफा खालच्यांस आणि तोटा वरच्यांस, असा जेथे हिशेब असतो तेथे दोन्ही रकमा एकाच वहीत मांडल्याने बक्सरच्या मल्लाहाचे पोट भरत नाही. बंदरासाठी नदी वळवली गेली त्या वेळी त्या मल्लाहास कोणी विचारले नव्हते, आणि भरपाईच्या यादीत त्याचे नाव घालावे असेही कोणास सुचले नाही. कारण जमीन बुडाली तर सात-बारा दाखवता येतो, न आलेल्या माशाचा कागद कोठून आणायचा?

दोष केवळ बंधाऱ्यांचाच आहे असे आम्ही म्हणत नाही. बारीक जाळ्यांनी पिले उपसली जातात, शहरांचे मैलापाणी नदीत उतरते, भर पावसाळ्यातली मासेमारी थांबत नाही. बांगलादेशाने विणीच्या हंगामात आश्विनातील पौर्णिमेच्या सुमारास मासेमारीस बंदी घालून आणि पिलांना संरक्षण देऊन आपला इलिश सावरला. जगातील बहुतांश इलिश आज तेथेच सापडतो. पण बंदीने जे साधते ते वाट मोकळी असेल तेथेच साधते. जेथे भिंत उभी आहे तेथे जाळी कितीही मोठ्या भोकांची केली तरी मासा वर येणार नाही.

महाराष्ट्राकडे पाहिले तर चित्र लहान आहे, पण निराळे नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविकांनी पिढ्यानुपिढ्या राखलेले मोठे मासे हे महसीर जातीचे. डोह राखला गेला. वरचे विणीचे पात्र व त्याकडे जाणारी वाट राखणे हे मात्र भाविकांच्या हाती नव्हते. सह्याद्रीच्या माथ्यावर वीजनिर्मितीसाठी तलाव झाले, आणि पुढे त्याच तलावांपैकी लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महसीराची पिले वाढवण्याचे केंद्र चालवले. तेथील पिले देशातील अनेक नद्यांत गेली आहेत. ज्याने पाणी अडवले त्यानेच मासा सांभाळावा, हा कॉटनच्या पत्रातलाच भाव येथे थोडा कृतीत उतरला म्हणायचा. नर्मदेच्या मुखाशी भडोचकडे पाल्याची जुनी मासेमारी आहे. वर सरदार सरोवर १९६१ च्या पायाभरणीनंतर २०१७ मध्ये लोकार्पण होईतो उभे राहिले, आणि आता खाडीतच भाडभूत येथे बंधारा हाती घेण्यात आला आहे. तेथील मच्छीमार जो प्रश्न विचारत आहेत तो १८६७ चाच आहे.

उपाय काय? अलीकडे फरक्क्याच्या वर हिलसाचे मासे सोडून त्यांतील काहींवर खुणा लावण्याचे काम गंगा-शुद्धीच्या योजनेतून बराकपूरच्या संस्थेने चालवले आहे. जहाजांसाठी असलेल्या जलपाशातून ठरावीक वेळी मासे वर घेता येतील काय, ह्याचाही विचार झाला आहे. आणि हा विचार शिडीपेक्षा पाल्याच्या स्वभावाला अधिक जुळणारा आहे, कारण त्यात उडी मारावी लागत नाही. विणीच्या पंधरवड्यात काही दरवाजे मोकळे ठेवणे, हा त्याहून साधा उपाय. अमेरिकेत एल्व्हा नदीवरील दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ मध्ये काढून टाकली आणि सामन पुन्हा वर आला. आमच्या दाट लोकवस्तीच्या देशात तसे सर्रास करता येणार नाही. पण ज्यांचा उपयोग संपला आहे असे लहान बंधारे आपल्याकडेही कमी नाहीत.

शेवटी ह्या मासिकाच्या वाचकांस एक विनंती. आपणांपैकी कोणाच्या मेजावर एखाद्या बंधाऱ्याची फाइल येईल, कोणाच्या जिल्ह्यातून नदी वाहत असेल. बंधाऱ्याच्या टिपणात लाभक्षेत्र, खर्च आणि बुडीत जमीन ह्यांचे रकाने असतात. त्यांत आणखी एक रकाना असावा: ह्या नदीतून कोणते मासे कोणत्या महिन्यात चढतात, आणि त्यांवर किती कुटुंबे जगतात. उत्तर कार्यालयात मिळणार नाही. ते घाटावर, सत्तरी ओलांडलेल्या कोळ्यापाशी किंवा मल्लाहापाशी मिळेल. मासा पूर्वी कोठवर येई, शेवटचा केव्हा आला, हे तो गावाच्या नावानिशी सांगेल. डेच्या काळी तहसीलदारांनी पाठवलेली उत्तरे दीडशे वर्षांनंतर आज आम्हांस उपयोगी पडली. ही माहिती जाणणारी पिढी झपाट्याने मावळत आहे. आपल्या नेमणुकीच्या गावी ती लिहून ठेवली गेली, तर पुढील बंधाऱ्याच्या वेळी माशाच्या वाटेबद्दल काही ठाऊक नव्हते असे म्हणण्यास कोणास जागा उरणार नाही.